उंदराचे यकृत आणि गिऱ्हाईकाचे यकृत

पावसाळ्याचे पहिले गढूळ पाणी नळाला आले की पुढच्या महिना-दीड महिन्यात अत्तारी दुकानाच्या पायरीवर एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : "भाऊ, कावीयनं औषध शे का?" पारोळ्यात हा प्रश्न आमच्या वडिलांनी ऐकला, आता आम्ही ऐकतो. उत्तरही ठरलेले आहे. भुईआवळा, कुटकी, काडेचिराईत, गुळवेल, कासनी, मकोय. यातले दोन-तीन जिन्नस तोलायचे, पुडी बांधायची, काढा किती पाण्यात उकळायचा ते सांगायचे, पैसे गल्ल्यात टाकायचे.

गेल्या काही वर्षांत या पुडीशेजारी डबी येऊन बसली आहे. धुळ्याहून किंवा जळगावहून एजंट येतो, पिशवीतून चकचकीत कागद काढतो. कागदावर पांढऱ्या उंदराचे चित्र, त्याखाली दोन रंगीत खांब, एक उंच, एक बुटका. 'यकृतरक्षक. प्राण्यांवरील प्रयोगांत सिद्ध. संपूर्ण नैसर्गिक, म्हणून संपूर्ण सुरक्षित.' दहा डब्यांवर दोन डब्या फुकट. व्यापारी बंधूंपैकी अनेकांनी हा माल भरला आहे, आम्हीही भरला होता. तो कागद खोटाच असतो असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळदा तो खरा असतो. उंदरावर तो प्रयोग खरोखर झालेला असतो आणि उंदराचे यकृत खरोखर वाचलेले असते. प्रश्न एवढाच की त्या कागदाच्या आधाराने गिऱ्हाईकाला काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही. हे आम्हाला फार उशिरा कळले, आणि कळण्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

ती गोष्ट आधी सांगतो. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत दुकाने अर्धी बंद, अर्धी उघडी होती. त्या वर्षी गुळवेल जितकी खपली तितकी आम्ही आयुष्यात कधी विकली नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाने कोरोनासाठी जी उपचारपद्धती जाहीर केली तीत गुळवेलीची घनवटी होती. मोबाईलवर रोज नवा नुस्खा फिरत होता. सातपुड्याकडून आलेले वेलाचे भारे दुकानात टिकत नव्हते. आमच्या गिऱ्हाईकांत एक शिंपी होते. त्यांनी घरच्यांसाठी गुळवेल नेली, संपली की पुन्हा नेली. दोन महिन्यांनी त्यांच्या पत्नीचे डोळे पिवळे दिसू लागले, अन्नावरची वासना गेली. धुळ्याला दाखवले, तपासण्या झाल्या. विषाणूची कावीळ निघाली नाही. डॉक्टरांनी घरात काय काय चालू आहे ते विचारले आणि काढा बंद करायला लावला. काही आठवड्यांनी त्या बऱ्या झाल्या. शिंपी दुकानात आले तेव्हा भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "रोज किती घ्यायचे ते तुम्ही सांगितले होते. किती दिवस घ्यायचे ते सांगितले नव्हते."

खरे होते. आम्ही सांगितले नव्हते, कारण आम्हालाही कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या पत्नीला जे झाले ते गुळवेलीनेच झाले असे आम्ही छातीठोक म्हणू शकत नाही. एका घरच्या अनुभवावरून तसे ठरतही नाही. पण त्याच काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे असे रुग्ण येत होते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत त्यांना असे सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेल घेतली होती, सर्वांच्या यकृताला इजा होती. त्यांनी ते २०२१ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला : रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी तिच्या कुळातली दुसरी वेल असू शकते. पुढे २०२२ साली देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती दिली. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंत साधारण ४६ दिवस गेले होते. म्हणजे दीड महिना. शिंप्याच्या घरचा हिशेब यापेक्षा फार वेगळा नव्हता.

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहा, कारण तिच्यात खरे मर्म आहे. हीच गुळवेल महाराष्ट्रातच, मुंबईच्या परळला, केईएम रुग्णालयात उंदरांवर आणि माणसांवर तपासली गेली होती, आणि चांगली ठरली होती. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. रवी बापट यांच्या गटाने हे काम केले. पित्ताची नळी अडली की कावीळ होते. खडा असेल, गाठ असेल. अशा रुग्णाची शस्त्रक्रिया धोक्याची, कारण त्याची रोगाशी झुंजण्याची ताकद खचलेली असते आणि रक्तात जंतू पसरून तो दगावतो. त्यांनी आधी उंदरांत तशी कावीळ निर्माण करून गुळवेल दिली. १९८९ साली ते प्रसिद्ध झाले. नंतर तीस रुग्ण घेतले, चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि शिवाय गुळवेल. १९९३ साली निष्कर्ष आला. गुळवेल न मिळालेल्यांपैकी निम्म्यांच्या रक्तात जंतूंचा प्रादुर्भाव दिसला, गुळवेल मिळालेल्यांत एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातले शंभरात चाळीस जगले, दुसऱ्या गटातले शंभरात ब्याण्णव.

हे आकडे वाचून कोणाही अत्ताराचे मन आनंदाने भरून येईल. पण त्याच निबंधात आणखी एक वाक्य आहे आणि एजंटाच्या कागदावर ते कधीच छापलेले नसते. दोन्ही गटांचे यकृताचे काम मात्र सारखेच राहिले. म्हणजे गुळवेलीने यकृत दुरुस्त केले नाही. तिने शरीराच्या पांढऱ्या पेशींना जागे केले, जंतू मारायची ताकद परत आणली. खचलेल्या माणसाला हे वरदान. पण ज्याच्या अंगात ही ताकद आधीच नको तिथे वळलेली आहे, आपल्याच यकृतावर किंवा कंठातल्या ग्रंथीवर उलटण्याच्या बेतात आहे, त्याला ती आणखी जागी केली तर? मुंबईच्या आणि नंतरच्या तेरा केंद्रांच्या डॉक्टरांनी यकृताचा तुकडा काढून पाहिला तेव्हा नेमकी हीच खूण पुष्कळांत दिसली. केईएममध्ये गुळवेल दिली ती किलोमागे १६ मिलिग्रॅम, पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला ८०० मिलिग्रॅम, शस्त्रक्रियेपूर्वी पित्त बाहेर काढले जात होते तेवढेच दिवस, आणि डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. २०२० साली आम्ही विकली ती मुठीच्या मापाने, बेमुदत. माल एकच, व्यवहार वेगळा.

आता उंदराच्या कागदाकडे येऊ. तो कसा बनतो हे ठाऊक असेल तर एजंटाशी बोलताना आपण आंधळे राहत नाही.

यकृतरक्षणाचा नेहमीचा प्रयोग असा. सारख्या वयाचे, सारख्या वजनाचे, एकाच खाद्यावर वाढलेले निरोगी उंदीर घेतात. काहींना नुसते पाणी, काहींना यकृताला मारणारे विष, आणि काहींना औषध व विष दोन्ही. विषे ठरलेली आहेत. कार्बन टेट्राक्लोराइड, जे पूर्वी कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला आणि आग विझवायच्या नळकांड्यांत वापरत. पॅरासिटामॉल, तापाची आपली ओळखीची गोळी, फार मोठ्या मात्रेत. किंवा गॅलॅक्टोसामाइन. मग रक्त तपासतात. यकृताची पेशी फुटली की तिच्यातला माल रक्तात सांडतो, पोते फाटले की धान्य रस्त्यावर सांडते तसा. तो सांडलेला माल म्हणजे आपल्या रिपोर्टावर एसजीओटी, एसजीपीटी म्हणून येतो ते. विष दिलेल्या उंदरांत खांब उंच, औषधवाल्यांत बुटका. तोच कागदावरचा बुटका खांब. शेवटी उंदीर मारून यकृत तोलतात, पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

यात लबाडी काही नाही. पण नीट पाहा : बहुतेक प्रयोगांत औषध विषाच्या आधी किंवा बरोबर दिलेले असते. पाऊस पडण्याआधी छत्री उघडलेली असते. आपले गिऱ्हाईक येते ते चिंब भिजून. दुसरे, कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसे मारत नाही. यकृतातलेच एक रसायन त्याचे रूपांतर खऱ्या विषात करते. त्या रसायनाला आवर घालणारा कोणताही पदार्थ दिला तरी यकृत वाचते. यामुळेच अशा प्रयोगांत इतक्या वनस्पती उत्तीर्ण होतात की नापास कोण झाले असे विचारावेसे वाटते. आणि तिसरे, पारोळ्यात पावसाळ्यात होणारी कावीळ ना कार्बन टेट्राक्लोराइडने होते ना गॅलॅक्टोसामाइनने. ती घाणेरड्या पाण्यातून आलेल्या 'ए' किंवा 'ई' विषाणूने होते.

या विषाणूंची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, काही आठवड्यांत. एरंडाच्या पानाचा रस घेतला तरी बरी होते, गळ्यात काविळीची माळ घातली तरी बरी होते, नुसते पडून राहिले तरी बरी होते. आमच्या धंद्याची निम्मी कीर्ती या आपोआप बरे होण्यावर उभी आहे, हे आपल्याआपल्यात मान्य करायला हरकत नसावी. पण सगळेच वाचतात असे नाही. गर्भवती बाईला 'ई'ची कावीळ शेवटच्या महिन्यांत झाली तर ती जिवावर बेतते. अशी बाई पायरीवर आली, किंवा तिच्यासाठी कोणी औषध मागायला आले, तर पुडी बांधू नये, रिक्षा बोलवावी.

भुईआवळ्याची हकिकत याच जातीची आहे, पण तिच्यात मोठी माणसे गुंतली. 'बी' विषाणू शोधून काढल्याबद्दल १९७६ साली नोबेल मिळालेले अमेरिकेचे ब्लूमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुईआवळ्याचा अर्क वूडचक नावाच्या प्राण्यावर वापरला. हा खारीच्या कुळातला, पण मांजराएवढा बिळात राहणारा प्राणी. त्याला 'बी'सारख्याच विषाणूची कावीळ होते. अर्काने विषाणू दबला असे १९८७ साली जाहीर झाले. पुढच्याच वर्षी मद्रासच्या डॉक्टरांनी 'बी' विषाणू अंगात बाळगणाऱ्या माणसांना भुईआवळा दिला आणि शंभरात ५९ जणांच्या रक्तातून त्याची खूण गेली, असे लॅन्सेट या विलायतेच्या नामांकित नियतकालिकात छापून आले. देशभर भुईआवळ्याला मागणी आली. पण थायलंडमध्ये तोच प्रयोग १९९० साली केला तेव्हा असा गुण दिसला नाही. बदकांवर प्रयोग झाले, तेथेही निराशा. आजही 'बी'साठी भुईआवळा हा मान्य उपचार नाही. त्यावर लस आहे, गोळ्या आहेत. पण दुकानात अजून तीच १९८८ ची गोष्ट सांगितली जाते.

आम्ही सगळ्यावर पाणी ओतायला बसलो आहोत असे वाटू नये म्हणून कुटकीचे सांगतो. हा आमच्या मते सगळ्यांत स्वच्छ दाखला आहे आणि तोही मुंबईचा. डॉ. अशोक वैद्य, डॉ. अंतरकर आणि सहकाऱ्यांनी आरोग्यवर्धिनीची काविळीच्या रुग्णांवर चाचणी करून १९८० साली निष्कर्ष छापला होता. आरोग्यवर्धिनीत निम्मी कुटकी असते. मग त्यांनी नुसती कुटकी घेतली. आधी लहान जातीच्या उंदरांना, ज्यांना माऊस म्हणतात, गॅलॅक्टोसामाइन दिले आणि वजनाच्या किलोमागे २०० मिलिग्रॅम कुटकी दिली. यकृतातली चरबी आणि सांडलेला माल, दोन्ही कमी झाले. तेथे ते थांबले नाहीत. विषाणूची कावीळ झालेल्या ३३ रुग्णांतून १५ जणांना कुटकीच्या मुळीचे चूर्ण ३७५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दोन आठवडे दिले. बाकी १८ जणांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले चूर्ण. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. काविळीचा आकडा अडीचवर उतरायला कुटकी न मिळालेल्यांना सरासरी ७६ दिवस लागले, कुटकीवाल्यांना २७. हे १९९६ साली मुंबईतूनच प्रसिद्ध झाले.

आपण तोलमापाची माणसे, तेव्हा एक हिशेब करून पाहू. उंदराची मात्रा माणसाला किलोला किलो लावायची नसते. लहान प्राणी औषध झपाट्याने जाळतो. लहान उंदराच्या मात्रेला साधारण बाराने भागायचे, मोठ्या पांढऱ्या उंदराच्या मात्रेला सहाने. कुटकीचे २०० भागिले १२, म्हणजे किलोमागे सोळा-सतरा मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला सुमारे एक ग्रॅम. मुंबईकरांनी माणसाला दिली दिवसाला ११२५ मिलिग्रॅम. हिशेब जवळजवळ जुळतो. एजंटाच्या कागदावरच्या मात्रेचा आणि डबीतल्या कॅप्सूलचा असा हिशेब घालून पाहा. आम्ही घातला तेव्हा कागदावरच्या उंदराइतका लाभ व्हायला गिऱ्हाईकाला दिवसाला अर्धी डबी खावी लागली असती.

तरी १५ आणि १८ माणसे म्हणजे थोडीच, हेही लक्षात ठेवावे. आणि आरोग्यवर्धिनी म्हणजे नुसती कुटकी नव्हे, तिच्यात पारा-गंधकाची कज्जली असते, ताम्रभस्म असते. दिल्लीच्या एम्समध्ये तिची सुरक्षितता उंदरांवर तपासून २०१२ साली निबंध आला, तो मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड तिन्हींकडे पाहतो. यकृताचे औषध तपासताना मूत्रपिंडही का पाहावे लागते हे ज्याला समजले त्याला 'नैसर्गिक म्हणून सुरक्षित' या वाक्याची किंमत कळते. एरंडाचेच घ्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत एरंडाच्या पानांनी उंदरांचे यकृत वाचवल्याचे १९९२ च्या सुमारास दिसले. त्याच झाडाच्या बीमध्ये जे विष आहे त्याच्या इतके जहाल विष निसर्गात थोडेच. पान आणि बी एकाच फांदीवर.

सुरक्षिततेचा प्रयोग वेगळा असतो. त्यात विष नसते, नुसते औषध. एकदाच मोठी मात्रा, किलोमागे दोन हजार मिलिग्रॅमपर्यंत, देऊन चौदा दिवस पाहायचे. उंदीर मेला नाही तर कागदावर 'बिनविषारी' छापतात. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत तोकडा प्रयोग. खरा उपयोगाचा म्हणजे २८ दिवस किंवा ९० दिवस रोज देऊन पाहायचा. ९० दिवसांच्या प्रयोगातही प्रत्येक मात्रेला दहा नर, दहा माद्या, असे वीस उंदीर असतात. वीसपैकी एकालाही काही झाले नाही तर काय म्हणता येते? गणिती सांगतात, तीनला वीसने भागा : शंभरात पंधरा जणांना होणारा त्रासही अशा प्रयोगातून निसटू शकतो. मग हजारात एखाद्याला होणारा त्रास उंदरात दिसेल कसा? हळदीचे पाहा. हजारो वर्षांचे खाणे. पण हळदीचा अर्क कॅप्सूलमध्ये घेणाऱ्या दहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद अमेरिकेत २०२२ साली छापली गेली, आणि त्या दहांपैकी सात जणांच्या रक्तात जन्मतःच एक ठराविक खूण सापडली. भाजीत हळद खाणाऱ्यांनी घाबरायचे कारण नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात वाढवलेल्या प्रयोगशाळेतल्या उंदराच्या रक्तात ती खूण असण्याचा प्रश्नच येत नाही.

दबीदुल-वर्द माजून आपल्या वाचकांच्या घरात परिचयाची. तिच्यावरही ग्वाल्हेरच्या जीवाजी विद्यापीठात उंदरांवर काम झाले आहे आणि निष्कर्ष चांगले आहेत. आमचा तिच्यावर भरवसा आहे, पण तो हकीमसाहेबांच्या अनुभवाचा भरवसा आहे. उंदराच्या कागदाने त्यात किती भर घालावी याची मर्यादा आम्ही आता ओळखतो. आधुनिक डबीवाल्यांचीही तीच गत. मोहम्मद मनाल यांनी १९३० साली डेहराडूनला सुरू केलेल्या हिमालय कंपनीची लिव्ह ५२ ही गोळी १९५५ पासून बाजारात आहे, तिच्यावर उंदरांचे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. पण दारूने यकृत बिघडलेल्या रुग्णांना श्रीलंकेत ती सहा महिने देऊन पाहिली तेव्हा बनावट गोळीहून वेगळा गुण दिसला नाही, हे २००३ साली छापून आले. कंपनी लहान असो की मोठी, उंदीर आणि माणूस यांच्यातले अंतर तेवढेच राहते.

आता आपल्या धंद्याची खरी जबाबदारी. आयुष मंत्रालय म्हणाले, ती गुळवेल नसून दुसरी वेल असेल. समजा तसे असेल. मग ती दुसरी वेल गुळवेल म्हणून विकली कोणी? डॉक्टरांनी विकली नाही, मंत्रालयाने विकली नाही. माल ओळखणे हे अत्ताराचे काम. भुईआवळ्याच्या नावाखाली त्याच्या कुळातल्या दोन-तीन वनस्पती एकाच पोत्यात येतात. चिराईत मागितले तर कुठे हिमालयाचे चिराईत मिळते, कुठे दुसरेच काही. कुटकी तर दोन आहेत : एक हिमालयाच्या उंचावरची कडू मुळी, दुसरी सातपुड्यातल्या आदिवासींच्या खाण्यातले भरड धान्य, दुसरीने निदान कोणाचे नुकसान होत नाही. प्रयोगशाळेत आधी वनस्पतिशास्त्रज्ञ वनस्पती ओळखून नमुना कागदावर चिकटवून जपून ठेवतो, मग उंदराला हात लावतात. आपण पोते उघडून वास घेतो आणि भाव ठरवतो. जुने अत्तार मुळी मोडून, चावून, पाण्यात टाकून पाहत. ती विद्या आमच्याच पिढीत पातळ झाली, हे कबूल करतो.

कायद्याचेही थोडे. आयुर्वेदिक आणि युनानी औषध विकायला परवाना लागत नाही, पण बनवायला लागतो, हे १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आहे. वैद्य-हकीम स्वतःच्या रुग्णासाठी बनवतात त्यांना सूट आहे, दुकानदाराला नाही. चार जिन्नस कुटून, आपल्या नावाचे लेबल लावून 'लिव्हर चूर्ण' विकणारे आपल्या पट्ट्यात कमी नाहीत. ते उत्पादक ठरतात आणि अन्न व औषध प्रशासनाचा माणूस आला तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते. सुटा जिन्नस त्याच्या खऱ्या नावाने विकणे वेगळे, गुणाचा दावा छापून मिश्रण विकणे वेगळे.

उंदरांबद्दलही एक बोलावेसे वाटते. हा प्रयोग करायला १९९८ पासून नियम आहेत, समितीची परवानगी लागते, किती प्राणी लागणार आणि का, ते आधी लिहून द्यावे लागते. मुक्या जिवाला विनाकारण पिडू नये ही शिकवण आपल्या घरांत आहे. ज्या प्रयोगाने आधीच शंभरदा ठरलेले पुन्हा एकदा ठरते आणि शेवटी तो कागद डब्या खपवायलाच वापरला जातो, त्यातला उंदीर विनाकारणच मेला असे आम्हाला वाटते. कुटकीच्या प्रयोगातला उंदीर तसा मेला नाही. त्याच्या पुढे ३३ माणसांचा हिशेब लागला.

आम्ही दुकानात काय बदलले ते सांगून थांबतो. प्रत्येक पुडीवर आता तीन गोष्टी पेनाने लिहितो : जिन्नसाचे नाव, दिवसाची मात्रा, आणि किती दिवसांनी बंद करायचे तो दिवस. गुळवेल मागणाऱ्याला विचारतो, कंठाच्या ग्रंथीचा, सांध्यांचा किंवा यकृताचा जुना आजार आहे का. असेल तर देत नाही. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्न नको, यांतले काही दिसले तर काढा बंद करून रक्त तपासायला सांगतो. यामुळे विक्री कमी झाली हे लपवण्यात अर्थ नाही. शिंप्याच्या घरून अजून माणूस येतो, बडीशेप आणि सबजा नेतो.

डबीवाला एजंटही येतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही त्याचा कागद हातात घेऊन विचारले, की यातली वनस्पती ओळखली कोणी, उंदीर लहान जातीचा की मोठ्या, औषध विषाच्या आधी दिले की नंतर, आणि माणसांना देऊन पाहिले असेल तर किती जणांना, किती दिवस. त्याने वहीत चारही प्रश्न उतरवून घेतले आणि कंपनीला विचारून सांगतो म्हणाला. अजून आलेला नाही.